चरबीची गाठ आणि निदानाचे अर्थकारण

मनुष्याच्या अंगावर एखादी गाठ दिसू लागली म्हणजे घरात दोन प्रकारची माणसे आढळतात. एक प्रकार बोलणाऱ्यांचा. ‘चरबीची गाठ आहे, काही होत नाही; आमच्या मामांना वीस वर्षे होती,’ असे ही मंडळी सांगतात. दुसरा प्रकार काहीच न बोलणाऱ्यांचा. परंतु त्यांच्या मनात कोणता शब्द येऊन गेला हे घरातल्या सर्वांना कळलेले असते. यांपैकी पहिल्यांचे म्हणणे बहुतेक वेळा खरे ठरते हे आपले सुदैव. ते नेहमीच खरे ठरत नाही, आणि केव्हा ठरणार नाही हे ओळखण्याची साधने ज्याला हवीत त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. तेव्हा या विषयात तोंड घालण्याचा अधिकार कोणता, असे वाचक विचारू शकतील. अधिकार एवढाच की, टंचाईच्या वस्तूची वाटणी कोणत्या तत्त्वावर व्हावी हा प्रश्न आमच्या शास्त्राचा आहे, आणि निदान हीही एक टंचाईची वस्तू आहे. या प्रश्नाकडे लक्ष वेधले गेले ते मात्र ग्रंथांमुळे नव्हे, तर आमच्याच महाविद्यालयात थोड्या अंतराने घडलेल्या दोन घटनांमुळे.

पहिली घटना माझी स्वतःची. उजव्या कोपराखाली, कातडीच्या लगेच आत, बोराएवढी मऊ गाठ कित्येक वर्षे होती. ती बोटाने इकडेतिकडे सरकत असे; दुखत नसे. एका मित्राच्या आग्रहामुळे मी एका खासगी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गाठ पुरती दाबूनही न पाहता एमआरआय करावयास सांगितले. मी काही हजार रुपये भरले आणि तपासणी करून घेतली. अहवालात वाक्य आले : ‘मेदमय गाठ; बहुधा निरुपद्रवी; तथापि घातकतेची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.’ या ‘तथापि’ने माझ्या घरातील तीन आठवड्यांची झोप नेली. अखेर गाठ काढली. पॅथॉलॉजीच्या तपासणीत ती साधी लिपोमा निघाली. पूर्वी कधी तरी लागलेल्या मारामुळे आतील थोडी चरबी मृत होऊन तिथे धागे तयार झाले होते, आणि यंत्राला शंका आली ती त्या धाग्यांची.

दुसरी घटना आमच्याच महाविद्यालयातील एका शिपायाची. त्याच्या मांडीत आत खोलवर गाठ होती. ती वर्षभरात लिंबाएवढीची मोसंब्याएवढी झाली, आणि पुढे तिच्यामुळे विजारीची शिवण उसवू लागली. तालुक्याच्या गावी एका लहान रुग्णालयात त्याला ‘चरबीची गाठ’ म्हणून सांगण्यात आले आणि कमरेखालचा भाग बधिर करून ती काढण्यात आली. आधी सोनोग्राफी नाही, एमआरआय नाही, सुईने तुकडा काढून पाहणे नाही. काढलेली गाठ नातेवाइकांना एका भांड्यात दाखविली आणि टाकून दिली. तपासणीस पाठविण्याचा खर्च वाचविला, ही त्या डॉक्टरांच्या मते गरिबावर केलेली दयाच होती. दोन वर्षांनी त्याच जागी गाठ पुन्हा आली. या खेपेस मोठ्या रुग्णालयात रीतसर निदान झाले : चरबीचा कर्करोग, लायपोसार्कोमा. पहिल्या शस्त्रक्रियेचा व्रण, त्याखालचे विस्कटलेले थर आणि मांडीचे काही स्नायू मिळून सारेच काढावे लागले. तो आज कामावर आहे. परंतु जिन्याचा कठडा धरल्यावाचून त्याला वर येता येत नाही.

ज्याला यंत्राची गरज नव्हती त्याला यंत्र मिळाले; ज्याला होती त्याला ते मिळाले नाही. हा योगायोग असता तर त्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. तो योगायोग नाही, ती एका व्यवस्थेची स्वाभाविक निष्पत्ती आहे, असे माझे मत आहे.

शंभरातील एक

प्रथम वस्तुस्थिती पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरातील मऊ ऊतींमध्ये होणाऱ्या गाठींत साध्या चरबीच्या गाठीइतकी सामान्य गाठ दुसरी नाही. सर्वसाधारणपणे शंभर माणसांत एकाला ती केव्हा ना केव्हा होते असे मानले जाते. याउलट मऊ ऊतींचे कर्करोग दुर्मीळ असून प्रौढांच्या सर्व कर्करोगांत त्यांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते. मऊ ऊतींमधील निरुपद्रवी गाठींचे घातक गाठींशी प्रमाण शंभरास एक असे ढोबळमानाने सांगितले जाते. चरबीपासून होणारा लायपोसार्कोमा हा या दुर्मीळ कर्करोगांपैकी एक प्रमुख प्रकार होय.

दोहोंतील भेद काळ्यापांढऱ्यासारखा स्पष्ट असता तर काम सोपे झाले असते. परंतु या दोहोंच्या मध्ये एक धूसर प्रदेश आहे. लायपोसार्कोमाचा जो सर्वांत सौम्य प्रकार, तो दिसावयास चरबीसारखा, वाढावयास संथ, आणि सूक्ष्मदर्शकाखालीही फसविणारा असतो. तो हातापायांत झाला तर पुष्कळदा त्याच जागी पुन्हा वाढतो, पण शरीरात अन्यत्र सहसा पसरत नाही. तोच पोटाच्या मागच्या पोकळीत झाला तर संपूर्ण काढणे अवघड होते, पुन्हा पुन्हा वाढतो, अधिक उग्र रूप घेऊ शकतो आणि अखेर प्राण घेऊ शकतो. ऊती तीच, जागा बदलली की भवितव्य बदलते. १९७९ मध्ये इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातापायांतील अशा गाठींना ‘कर्करोग’ न म्हणता ‘असामान्य लिपोमा’ म्हणावे असे सुचविले, ते याच कारणामुळे. नावाने भीती निर्माण होते आणि भीतीपोटी नको इतकी मोठी शस्त्रक्रिया होते, हे त्यांना टाळावयाचे होते. नाव देणे हीदेखील एक कृती असते, आणि तिचे परिणाम रुग्णाला भोगावे लागतात.

यंत्राला काय दिसते

त्याच १९७९ साली गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना सीटी स्कॅनच्या शोधाबद्दल वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७१ मध्ये लंडनमधील विम्बल्डनच्या एका रुग्णालयात या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छायाचित्र घेतले होते. हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोजपट्टीवर पाणी शून्य अंशावर, हवा उणे एक हजारावर, आणि चरबी साधारणतः उणे शंभराच्या आसपास येते. अर्थात गाठ चरबीची आहे की नाही, एवढे सीटी स्कॅन आकड्याने सांगू शकतो. ती चरबी सज्जन आहे की दुर्जन, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही.

त्याच १९७१ साली अमेरिकेत रेमंड डमाडियन यांनी उंदरांच्या ऊतींवरील प्रयोगांतून असे दाखविले की, चुंबकीय क्षेत्रात निरोगी ऊती आणि अर्बुदाच्या ऊती वेगवेगळ्या गतीने पूर्ववत होतात. या शोधाने मोठी आशा निर्माण झाली. यंत्राने एक आकडा द्यावा आणि त्यावरून रोग कळावा, अशी. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय पद्धतीने प्रतिमा काढून दाखविली आणि पीटर मॅन्सफिल्ड यांनी ती पद्धत वेगवान केली. या दोघांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. एमआरआय आज जगभर वापरात आहे. परंतु एका आकड्यावर निदान करण्याची ती मूळ आशा मात्र फळली नाही. यंत्र पुरावा देते. निकाल माणसालाच द्यावा लागतो.

हा पुरावा कोणत्या स्वरूपाचा असतो? एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात चरबी उजळ दिसते. मग यंत्राची मांडणी बदलून चरबीचा तेवढा उजेड मालवता येतो. अंगावरील साधी चरबी काळवंडते, आणि गाठही तिच्याबरोबर संपूर्ण काळवंडली तर ती निव्वळ चरबी होय. काही भाग उजळच राहिला तर तिथे चरबीखेरीज दुसरे काही आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात आपली ओळखीची युक्ती दिसेल. राष्ट्रीय उत्पन्न वाढले असे आकडे सांगतात. त्यांतून भाववाढ वजा केली म्हणजे खरी वाढ किती ती उरते. तज्ज्ञ नेमके तेच करतात. चरबी वजा करून जे उरते त्याच्याकडे ते पाहतात : आतील पडदे दोन मिलिमीटरहून जाड आहेत काय, चरबीविरहित गोळे आहेत काय, गाठ दहा सेंटिमीटरहून मोठी आहे काय, ती स्नायूंच्या आवरणाच्या आत खोल आहे काय, आणि एकूण गाठीत चरबीचा वाटा तीनचतुर्थांशाहून कमी आहे काय.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या तपासणीचा कौल दोन्ही बाजूंना सारखा विश्वसनीय नसतो. गाठ संपूर्णपणे अंगच्या चरबीसारखी दिसली, आत जाड पडदे वा गोळे नसले, तर ‘ही साधी लिपोमा आहे’ हा निर्णय जवळजवळ निर्धास्तपणे घेता येतो. उलट ‘शंकास्पद’ असा शेरा पडलेल्या गाठींपैकी पुष्कळ पुढे साध्याच निघतात. कारण मार लागून मेलेली चरबी, गाठीत मिसळलेले स्नायूंचे वा रक्तवाहिन्यांचे तंतू यांनीही तसेच चित्र उमटते. म्हणजे हे यंत्र अभय देण्यात वाकबगार आहे, आरोप करण्यात तितकेसे नाही. आरोप सिद्ध करावयाचा तर सुईने ऊतींचा तुकडा काढून पाहावा लागतो. आणि तेथेही संशय उरला तर बाराव्या गुणसूत्रावरील ‘एमडीएम-२’ नावाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आहेत काय, हे तपासावे लागते. त्या सौम्य वेषातील लायपोसार्कोमात त्या वाढलेल्या असतात, साध्या लिपोमात नसतात. हे जनुक कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाही.

अचूकतेचे गणित

‘यंत्र इतके चांगले असेल तर प्रत्येक गाठीचे चित्र काढून घ्यावे, शंका कशाला ठेवावी?’ असे अनेक सुशिक्षित माणसे विचारतात. हा युक्तिवाद वरवर निरुत्तर करणारा आहे. त्यातील फसवेपणा ध्यानात यावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. यातील आकडे हिशेबाच्या सोयीसाठी मानलेले आहेत, कोणत्याही पाहणीतील नव्हेत.

समजा, गावातील सरसकट १००० गाठींची तपासणी केली आणि त्यांत १० घातक आहेत. तपासणी इतकी चांगली आहे असे धरू की ती दहाच्या दहा पकडते, आणि निरुपद्रवी गाठींपैकी फक्त १० टक्क्यांवर चुकून शंका घेते. ९९० निरुपद्रवी गाठींपैकी ९९ वर शंकेचा शेरा पडेल. एकूण शंकास्पद झाल्या १०९, आणि त्यांत खऱ्या घातक १०. म्हणजे शंकेचा शेरा मिळालेल्या अकरा माणसांपैकी दहांची झोप विनाकारण उडेल, आणि कित्येकांना सुई व सुरी सोसावी लागेल.

आता दुसरी बाजू पाहा. आधी डॉक्टरांनी हाताने तपासून केवळ खोल, मोठ्या आणि वाढत्या गाठी निवडल्या. अशा १००० गाठींत घातक २०० आहेत असे मानू. तपासणी तीच, अचूकता तीच. घातक २०० पकडल्या जातील आणि ८०० निरुपद्रवींपैकी ८० वर चुकून शंका येईल. शंकास्पद २८०, त्यांत खऱ्या २००. म्हणजे सातांत पाच. यंत्र बदलले नाही, किंमत बदलली नाही. केवळ यंत्रासमोर कोणाला उभे करावयाचे याची निवड बदलली, आणि त्याच शेऱ्याचा अर्थ संपूर्ण बदलला. ती निवड करणारे साधन म्हणजे डॉक्टरांची दोन बोटे आणि चार प्रश्न. या साधनाला वीज लागत नाही.

अर्थशास्त्रात माहितीच्या मूल्याचे एक साधे तत्त्व सांगितले जाते : ज्या माहितीमुळे आपला निर्णय बदलण्याचा संभव नाही, त्या माहितीचे मूल्य शून्य. माझी बोराएवढी, कातडीखालची, वर्षानुवर्षे न वाढलेली गाठ चित्रात कशीही दिसली असती, तरी ती राहू देणे किंवा सहज काढून तपासणीस पाठविणे, यापलीकडे तिसरा मार्ग नव्हता. तेव्हा माझ्या एमआरआयचे मूल्य शून्य होते. किंबहुना तीन आठवड्यांच्या भीतीचा हिशेब धरला तर ते उणेच होते. शिपायाच्या बाबतीत मात्र त्या एका चित्राने सर्व काही बदलले असते : शस्त्रक्रिया कोणी करावयाची, कोठे करावयाची, छेद कसा घ्यावयाचा, भोवतालचा किती भाग घ्यावयाचा. न तपासता काढलेली घातक गाठ म्हणजे घरात विस्कटून टाकलेला निखारा. नंतर घर झाडून काढण्याचे काम कितीतरी मोठे होऊन बसते. त्या चित्राचा बाजारभाव आम्हा दोघांना सारखाच होता. त्याचे मूल्य एकाला काहीच नव्हते, तर दुसऱ्याला एका पायाच्या बळाएवढे होते.

शंकेची किंमत कोणी द्यावी

मग वाटणी उलटी का झाली? डॉक्टर लोभी झाले आहेत, असे सोपे उत्तर देऊन मोकळे होता येते. परंतु ते अपुरे आहे. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले की, वैद्यकसेवेचा बाजार भाजीच्या बाजारासारखा चालू शकत नाही. कारण रोग केव्हा येईल आणि उपचार लागू पडेल की नाही, या दोन्ही बाबी अनिश्चित असतात, आणि विकणाऱ्याला जे कळते ते घेणाऱ्याला कळत नाही. ग्राहक येथे वस्तू निवडत नाही. विक्रेताच त्याच्या वतीने निवड करतो. अशा ठिकाणी यंत्र बसले की त्याचे हप्ते फेडण्यासाठी गिऱ्हाईक लागते, आणि गिऱ्हाईक पाठविणाऱ्याला वाटा देण्याचा मोह उत्पन्न होतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी असा वाटा घेणे निषिद्ध ठरविले. तरीही २०१७ मध्ये ‘कट प्रॅक्टिस’ रोखण्यासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा करविण्याची वेळ महाराष्ट्र शासनावर आली, यावरून काय ते समजावे.

तथापि डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत वैद्यकसेवा येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. रुग्णाला दाद मागण्याचा हक्क मिळाला हे योग्यच झाले. परंतु हजारांतील एक गाठ आपल्या हातून निसटली तर न्यायासनासमोर उभे राहावे लागेल, ही भीती डॉक्टरांच्या मनात बसली. नऊशे नव्व्याण्णवांना विनाकारण तपासणी सांगितली म्हणून मात्र कोणी जाब विचारीत नाही. एका चुकीला शिक्षा आहे आणि दुसरीला मोबदला आहे, अशा ठिकाणी माणसे कोणती चूक पत्करतील हे सांगावयास अर्थशास्त्री लागत नाही. ‘घातकतेची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही’ हे वाक्य त्याच भीतीची संतती होय. ते तर्कदृष्ट्या बिनचूक आहे, कारण या जगात कशाचीही शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. परंतु ते वाक्य लिहिणाऱ्याचे संरक्षण करते आणि त्याचा खर्च वाचणाऱ्याकडून वसूल करते.

गरिबाच्या बाबतीत हीच यंत्रणा नेमकी उलट फिरते. त्याच्याकडून वसुली होण्यासारखी नसल्याने त्याची तपासणीच होत नाही. शासकीय विमा योजना आहेत. परंतु बहुतेक विमा योजनांची रचना रुग्णालयात दाखल होऊन केलेल्या उपचारांभोवती उभी आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत दाखल होण्यापूर्वीच्या तीन दिवसांतील तपासण्यांचा खर्च धरला जातो. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला हे पुरेसे असेल. परंतु गाठीचे निदान तीन दिवसांत होत नाही. आज सोनोग्राफी, पंधरा दिवसांनी एमआरआयचा नंबर, मग सुईची तपासणी, मग पॅथॉलॉजीचा अहवाल, असा तो महिना-दीड महिन्याचा रस्ता असतो. आणि त्या रस्त्यावरचा प्रत्येक दिवस रोजंदारी बुडाल्याचा असतो. थोडक्यात, आपण कापण्याचे पैसे देतो, पण कापावे की नाही हे ठरविण्याचे देत नाही. ज्या कृतीचे पैसे मिळतात ती कृती वाढते, हा नियम आरोग्यसेवेलाही लागू आहे.

पायरीपायरीने

हा प्रश्न न सुटणारा नाही, आणि त्याच्या उत्तरासाठी प्रत्येक तालुक्यात एमआरआयचे यंत्र बसविण्याचीही आवश्यकता नाही. ब्रिटनमध्ये वैद्यकसेवेचा खर्च करांतून भागविला जातो, त्यामुळे तेथे तपासणीची क्रमवारी लावणे भाग पडले. वाढत चाललेल्या आणि उलगडा न होणाऱ्या गाठीसाठी प्रथम दोन आठवड्यांच्या आत सोनोग्राफी करण्याचा विचार व्हावा, अशी शिफारस तेथील मार्गदर्शक संस्थेने २०१५ मध्ये केली. प्रथम एमआरआय नव्हे, सोनोग्राफी. सामान्य जनतेला सांगण्यासाठी तेथे गोल्फच्या चेंडूची उपमा वापरतात : गाठ त्याहून मोठी असेल तर दाखवा. आपल्याकडे गोल्फचा चेंडू कोणी पाहिला आहे? आपण मोठे लिंबू म्हणावे.

माझ्या मते आपल्याकडे चार गोष्टी तातडीने करता येतील. पहिली, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून प्रत्येक डॉक्टरने गाठ असलेल्या रुग्णाला चार प्रश्न विचारण्याचा प्रघात पडावा : गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी आहे काय, वाढते आहे काय, स्नायूंच्या आत खोल आहे काय, आणि पूर्वी काढलेली असून पुन्हा आली आहे काय? चारही उत्तरे ‘नाही’ अशी असतील, तर धीर देणे, पुन्हा दाखवावयास सांगणे आणि जरूर वाटल्यास सोनोग्राफी करणे, एवढे बहुधा पुरते. एकही उत्तर ‘होय’ असेल, तर तिथे सुरी लावू नये. प्रथम चित्र घ्यावे.

दुसरी, काढलेली कोणतीही गाठ पॅथॉलॉजीच्या तपासणीवाचून टाकून देण्यास मज्जाव असावा आणि तो खर्च शस्त्रक्रियेच्याच दरात धरला जावा. गरिबावर दया म्हणून त्याची गाठ केराच्या पेटीत टाकणे ही दया नव्हे. ती फक्त आजचा खर्च उद्यावर ढकलते, आणि उद्याच्या खर्चावर व्याज फार असते.

तिसरी, वरील कसोट्यांत शंकास्पद ठरलेल्या गाठीच्या निदानाचा संपूर्ण खर्च, रुग्ण दाखल होवो वा न होवो, सार्वजनिक योजनेने द्यावा. यात उधळपट्टी होईल ही भीती रास्त आहे. पण तिला उत्तर निवडीच्या कसोट्यांत आहे, नकारात नाही. जिल्हा रुग्णालयांत सीटी स्कॅनची सोय करण्याची आणि काढलेली चित्रे दूरच्या तज्ज्ञांकडून वाचवून घेण्याची कल्पना राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या २०१५ च्या मोफत निदान उपक्रमात मांडलेलीच आहे. तिचा विस्तार या दिशेने करता येईल. कारण खरी टंचाई यंत्राची नाही, चित्र वाचणाऱ्या डोळ्यांची आहे. लायपोसार्कोमा इतका दुर्मीळ की एखाद्या शहरातील तज्ज्ञाच्या वाट्याला तो वर्षानुवर्षे येत नाही. चित्र मात्र आता क्षणात परळला पोहोचू शकते. १९४१ मध्ये तेथे सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आणि २०१२ मध्ये स्थापन झालेले देशातील कर्करोग रुग्णालयांचे राष्ट्रीय जाळे ही आपल्याजवळ तयार असलेली पुंजी आहे. परळच्या पदपथावर आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राज्याच्या कानाकोपऱ्यांतून येऊन राहणाऱ्या माणसांपैकी काहींना तरी, ‘तुम्ही येण्याचे कारण नाही, तुमची गाठ साधी आहे,’ एवढा निरोप त्यांच्या गावीच मिळू शकेल.

चौथी सूचना सर्वांत स्वस्त आहे. अहवाल लिहिणाऱ्याने ‘नाकारता येत नाही’ या शब्दांमागे न लपता, शंका किती आहे आणि पुढे काय करावे हे साध्या शब्दांत सांगावे. ‘शक्यता अल्प, सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे’ किंवा ‘शक्यता मोठी, शस्त्रक्रियेपूर्वी सुईची तपासणी कर्करोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने करावी’ असे लिहावे. आणि असे स्पष्ट मत प्रामाणिकपणे देणाऱ्या तज्ज्ञाला, ते एखाद्या वेळी चुकले तरी, न्यायालयांनी व आपण सर्वांनी संरक्षण द्यावे. निश्चिततेचा आग्रह धरणाऱ्या समाजाला निश्चितता मिळत नाही. त्याला फक्त कातडी बचावणारी वाक्ये मिळतात.

या साऱ्यावर एक आक्षेप येईल. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने स्वतःच्या खर्चाने एमआरआय करून घेतला तर त्यात इतरांचे काय गेले? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. यंत्राचा दिवस चोवीस तासांचाच असतो, आणि वाचणाऱ्या डोळ्यांचा तर त्याहून लहान. माझ्या बोराएवढ्या गाठीसाठी गेलेला तो अर्धा तास आणि त्या तज्ज्ञाचे लक्ष दुसऱ्या कोणाच्या मांडीसाठी उपलब्ध राहिले नाही. शिवाय पैसेवाल्यांच्या भीतीवर यंत्राचे हप्ते फिटू लागले की यंत्रे जिथे भीती विकत घेतली जाते तिथेच उभी राहतात. जिथे रोग आहे तिथे नाही.

माझ्या एमआरआयची पाकिटे घरातील कपाटावर पडून आहेत. त्यांचा मला उपयोग नव्हता. त्यांनी मला काही सांगितले असेल तर ते माझ्या गाठीविषयी नव्हे. महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तो शिपाई दोनदा थांबतो. त्या वेळी त्याच्या हातात हजेरीपट असतो आणि माझ्या हातात खडू. आम्ही दोघे एकाच शासनाचे नागरिक असून एकाच छपराखाली काम करतो. आणि आमच्या गाठी पारखण्याचे ज्ञानही एकच आहे. ते ज्ञान त्याच्यापर्यंत दोन वर्षे उशिरा पोहोचले. हा उशीर विज्ञानाने केलेला नाही, आपण केलेला आहे. आणि जे आपण केले ते दुरुस्त करणेही आपल्याच हाती आहे.